हाडांच्या आधीची पावलं

चिखलातून कोण गेलं हे कळायला ते जनावर समोर असावं लागत नाही. बैल गेला की म्हैस, लंगडत गेली का, हे गुराखी ठशांवरून सांगतो. भूशास्त्रज्ञही तेच करतात. त्यांचा चिखल तेवढा दगड झालेला असतो.

मासे जमिनीवर कसे आले, या कथेचा क्रम जवळजवळ ठरून गेला होता. २००४ साली कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर ‘टिक्टालिक’ सापडला. अंगावर खवले, पण मान वळणारी आणि परांमध्ये मनगटासारखी हाडं. वय सुमारे ३७.५ कोटी वर्षं. खरे पाय आले ते यानंतर, असं बहुतेकांनी धरलं.

जानेवारी २०१० मध्ये पोलंडमधल्या झाखेउम्ये इथल्या जुन्या दगडखाणीतले ठसे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. खडक सुमारे ३९ कोटी वर्षांचा! नातू आजोबांच्या आधी जन्मावा, तसा हा प्रकार. टिक्टालिक आजोबा नव्हेच, मागे रेंगाळलेला चुलता असावा, असं आता म्हणावं लागतं.

सर्वांत मोठा ठसा २६ सेंटिमीटर रुंद आहे. काही ठशांत बोटं दिसतात. डावं, उजवं, डावं, उजवं अशी पावलांची माळ आहे आणि मधे पोटाची किंवा शेपटीची फरपट नाही. म्हणजे उथळ पाण्याने अंग तोलून धरलं होतं आणि पाय तळाला टेकत होते. ही जागा समुद्रकाठची, असं आधी वाटलं. २०१८ च्या अभ्यासाने ती समुद्रापासून वेगळी, अधूनमधून आटणाऱ्या पाण्याची ठरवली. हे ठसे माशांनी तळ उकरल्याच्या खुणा आहेत, असं म्हणणारेही आहेत. एकेकट्या खळग्याबद्दल त्यांचं ऐकावं. पण पावलांची माळ त्यांना सहजी उलगडत नाही, असं मला वाटतं.

हाडं कधी फसवतातही. ग्रीनलंडचा ‘इक्थिओस्टेगा’ कित्येक वर्षं चित्रांत ऐटीत चालत होता. २०१२ मध्ये त्याचे सांधे संगणकावर फिरवून पाहिले, तर तशी चाल त्याला जमलीच नसती! चाल ही पावलांनाच विचारावी.

मे २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅन्सफिल्डजवळची एक लादी गाजली. ती दोन हौशी शोधकांना मिळाली. वय सुमारे ३५.६ कोटी वर्षं, आणि ठशांना चक्क नख्या. नख्या म्हणजे सरपटणारे प्राणी, पक्षी आणि आपण, या सगळ्यांच्या घराण्याची खूण. त्या घराण्याचा उगम यामुळे साडेतीन-चार कोटी वर्षं मागे गेला. मी कविता लिहिणारा माणूस. माझी नजर मात्र अडकली ती त्याच लादीवरच्या बारीक खळग्यांवर. ते पावसाच्या थेंबांचे आहेत. त्या दिवशी तिथे एक लहानशी सर येऊन गेली होती.