कॅल्शियमची गोळी : कोणती, किती आणि केव्हा?



सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे दुधाचे. फलटण असो वा भिलवडी, पहाटे धार काढून किटली संकलन केंद्रावर पोचविणारी माउली स्वतः मात्र कोऱ्या चहावर भागविते. उतारवयात तिची हाडे ठिसूळ होतात आणि न्हाणीघरात घसरण्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडते. मग घरची मंडळी पिशवीभर गोळ्या आमच्यापुढे ठेवून विचारतात, "यातली चांगली कोणती?" आमचे आजचे निवेदन याच प्रश्नापुरते आहे.

गोळीचे सारे वजन कॅल्शियमचे नसते. कार्बोनेटमध्ये ४० टक्के, सायट्रेटमध्ये २१, लॅक्टेटमध्ये १३, तर ग्लुकोनेटमध्ये अवघे ९ टक्के कॅल्शियम असते. म्हणजे १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमधून ५०० मिलिग्रॅम, तर १००० मिलिग्रॅम सायट्रेटमधून सुमारे २१० मिलिग्रॅमच कॅल्शियम मिळते. म्हणून वेष्टनावरील मोठा आकडा न पाहता 'एलिमेंटल कॅल्शियम' किती, ते पाहावे.

कार्बोनेट स्वस्त आहे. मात्र ते विरघळण्यास जठरातील आम्ल लागते, म्हणून ती गोळी जेवणासोबतच घ्यावी. आम्लपित्तावरील औषधे नित्य घेणाऱ्यांस सायट्रेट अधिक सोयीचे. ते उपाशीपोटीही चालते. शिंपल्याचे वा प्रवाळाचे म्हणून महागात विकले जाणारे कॅल्शियमही मुख्यतः कार्बोनेटच होय. एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक घेतल्यास त्यातील कमी हिस्सा अंगी लागतो.

गरोदर भगिनींसाठी केंद्र शासनाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. १४व्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व ड जीवनसत्त्व असलेली गोळी दिवसातून दोनदा घ्यावयाची. गरोदरपणात रक्तदाब वाढून मातेच्या व बाळाच्या जिवावर बेतू नये, हा त्यामागील एक प्रमुख हेतू. परंतु हीच गोळी लोहाच्या गोळीबरोबर गिळली, तर लोह नीट शोषले जात नाही. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर हवे. आपल्या देणगीतून दिलेले औषध केवळ वेळ चुकल्यामुळे वाया जाऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

गोळी ही आहाराची जागा घेत नाही. ती उणीव भरून काढते. प्रौढांस रोज सुमारे १००० आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. जावळी-पाटणच्या डोंगरउतारावरील नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. तीळही त्याबाबत समृद्ध आहेत. ड जीवनसत्त्वासाठी ऊन हवे. मूत्रपिंडाचा विकार वा मुतखडा असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याविना गोळी सुरू करू नये.

शेवटी एकच मागणे. उद्या पहाटे किटली केंद्राकडे निघण्यापूर्वी दुधाचा एक पेला घरच्या माउलीसाठी बाजूला काढावा. त्या पेल्यास औषधाच्या चिठ्ठीची गरज नाही.