दवाखान्यात न आलेल्यांविषयी



बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींच्या टिपणात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र नोंदवलं आहे. ते १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. त्या शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नव्हता. गयावया केल्यावर, तिला वस्तीबाहेर आणलंत तर बघतो, म्हणाला. थर्मामीटर त्यानं एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिलं, त्यांनी नवऱ्याच्या आणि नवऱ्यानं बायकोच्या. परतही तसंच आलं. निदान झालं, न्यूमोनिया. फी मिळाली होती. डॉक्टरनं तिला हात मात्र लावला नाही आणि ती बाई गेली.

हे जुनं झालं असं वाटत असेल, तर संघमित्रा आचार्य यांचा २०१० सालचा अभ्यास वाचा. गुजरात-राजस्थानच्या खेड्यांतली दलित मुलं त्यांना सांगत होती की, औषध देताना आपला स्पर्श टाळला जातो.

आज तुमच्या पदवीदानासाठी आपण कासार आंबोलीत बसलो आहोत. याच मुळशी तालुक्यात कातकरी राहतात. केंद्र सरकार ज्यांना विशेष असुरक्षित मानतं, अशा राज्यातल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. दिवाळी झाली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात पोरांची लस चुकते, गरोदर बाईची तपासणी राहते. कित्येकांच्या घराखालची जागाही त्यांच्या नावावर नसते, मग कागद कुठून आणायचे? त्यातही कुणी दवाखान्यापर्यंत पोचलाच, तर खिडकीवर त्याला ‘ए, मागे हो’ असं ऐकावं लागतं. एकदा असं ऐकलेला माणूस पुढच्या वेळी ताप अंगावर काढतो. साधा खोकला तोवर छातीत उतरतो. मग आपणच म्हणतो, हे लोक उशिरा येतात! या वाक्याची मला चीड आहे. तो उशीर आपण त्यांच्यावर लादलेला असतो.

याच पुणे जिल्ह्यात १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेतलं आणि हडपसरजवळ आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात पोचवलं. पोर वाचलं. संसर्गानं सावित्रीबाई १० मार्चला गेल्या. एवढं धैर्य मी तुमच्याकडे मागत नाही. पण रुग्णाला ‘अहो’ म्हणायला आणि त्याची नाडी स्वतःच्या बोटांनी बघायला धैर्य लागत नाही.

तुमच्यातले सगळेच आरोग्यसेवेत जाणार नाहीत. कुणी कारखान्यात, कुणी कचेरीत, कुणी ग्रामपंचायतीत बसाल. कंत्राटी मजुराची आजारपणाची रजा, जातीचा दाखला, वाडीवरच्या नळाचं पाणी यांवर तुमची सही लागेल. ती सहीसुद्धा कुणाच्या तरी तब्येतीवरच होत असते.

म्हणून नेमणुकीच्या पहिल्याच आठवड्यात विचारा, या गावातली कातकरवाडी कुठे आहे आणि तिथून आपल्याकडे कोण येत नाही? कळलं की त्यांना बोलावू नका, तुम्ही तिकडे जा.