पोळल्यानंतरची वीस मिनिटे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या ह्या मंगल प्रसंगी आम्ही भाजण्या-पोळण्याविषयी बोलणार, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या घरी स्वयंपाक होतो, त्या घरी हा विषय परका नाही. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना शिकविले, एवढीच आमची योग्यता. तेव्हा डॉक्टर मंडळी जे सांगतात, तेच सोप्या शब्दांत सांगतो.

आपल्या मायबोलीत चटका बसणे, पोळणे, भाजणे, होरपळणे असे निरनिराळे शब्द आहेत. वैद्यकशास्त्रही अशाच पायऱ्या मानते. कातडीचे मुख्य थर दोन. केवळ वरचा पातळ थर दुखावला, तर जागा लाल होते, आग होते, पण फोड येत नाही. उष्णता खालच्या थरात उतरली की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून लस पाझरते, थरांच्या मध्ये साचते आणि वरची कातडी उचलली जाते. हाच फोड होय. याहूनही खोल भाजले, तर जागा पांढरी किंवा काळपट पडते आणि तेथे वेदनाही होत नाही. कारण वेदना कळविणारे मज्जातंतूच जळालेले असतात. म्हणून ‘दुखत नाही’ ह्या शब्दांनी कोणी निश्चिंत होऊ नये.

साठ अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत खोल भाजू शकते. लहान मुलांची कातडी नाजूक. तिला याहून कमी वेळ पुरतो. मधुमेहाने पायांची जाणीव मंदावलेल्या वृद्धांस तर गरम पाण्याच्या पिशवीने फोड आल्याचे कळतही नाही.

उपाय साधा आहे. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. कातडीच्या आत शिरलेली उष्णता आच दूर झाल्यावरही काही काळ आपले काम करीत असते. पाणी ती काढून घेते. बर्फ मात्र लावू नये. सूज येण्यापूर्वीच बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. मग स्वच्छ, न चिकटणारे आवरण सैलसर घालावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. त्यांनी जखमेत घाण जाते, आणि रंगामुळे ती किती खोल आहे हे डॉक्टरांस कळत नाही.

फोड घरी फोडू नये. त्याची कातडी ही निसर्गानेच बांधलेली पट्टी आहे. ती फाटली की जंतूंस दार उघडे होते. मोठ्या फोडाचे काय करावयाचे, ते डॉक्टर ठरवतील. वरवरचा फोड बहुधा दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. परंतु चेहरा, हात, पाय, सांधे वा गुह्यभाग भाजला असेल, फोड रोग्याच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा असेल, रोगी बालक असेल, अथवा विजेने वा रसायनाने भाजले असेल, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयीही तेथे विचारावे.

आता मुख्य गोष्ट. हे ज्ञान कठीण नाही. कठीण आहे ती २० मिनिटे. पाहुणे ओटीवर बसलेले असतात, तव्यावर पोळी असते, आणि हातावर फोडणी उडालेली गृहिणी ‘काही नाही, जरासे पोळले’ म्हणून तशीच लाटत राहते. तिचे हे ‘काही नाही’ आपण सारे निमूटपणे मान्य करतो. हा तिचा सोशिकपणा म्हणून आपण वाखाणतो. खरे पाहता ती आपली बेफिकिरी आहे. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी उठावे, गॅस बंद करावा आणि सुनेला, लेकीला नळापाशी उभे करावे. जेवण अर्धा तास उशिरा झाल्याने कोणत्याही घराण्याची अब्रू जात नाही.

एवढे ऐकून आजपासून एका घरी जरी हे घडले, तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.