लॅपटॉपच्या पोटातला रेडिओ



तुम्ही माझं बोलणं रेडिओवर ऐकताय. पण तुमच्या घरात एवढा एकच रेडिओ नाही. मोबाइलमध्ये एक आहे, लॅपटॉप असेल तर त्यातही एक आहे. लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड हा खराखुरा रेडिओच असतो. फरक इतकाच की तो ऐकतो आणि उत्तरही देतो. एफएमची लहर साधारण 3 मीटर लांब असते. वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटर भरते आणि 5 गिगाहर्ट्झची साडेपाचच्या आसपास. लहर आखूड, म्हणून अँटेनाही आखूड. ती लॅपटॉपच्या स्क्रीनच्या चौकटीत लपून बसते आणि तिच्या दोन बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात.

आपल्या विंचूर परिसरात बरीच कुटुंबं मळ्यात राहतात. कांद्याचा भाव मोबाइलवर कळतो. पण कॉलेजचे फॉर्म, बचत गटाचे हिशेब, निर्यातीच्या द्राक्षबागेची नोंदणी, ही कामं मोठ्या पडद्यावरच बरी पडतात. घरातला लॅपटॉप आठ-दहा वर्षांचा असतो. राउटर पुढच्या खोलीत आणि मुलगी अभ्यासाला मागच्या पडवीत. नेट रखडायला लागलं की घरात निकाल लागतो, लॅपटॉप जुना झाला, आता नवा घ्या. माझं सांगणं असं की यंत्र जुनं झालं म्हणून त्याचे सगळे भाग एकदम निकामी होत नाहीत. कोणता भाग मागे पडला ते आधी शोधावं.

याचं मोठं उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. 2002 पासून ती जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. पुढे इलेक्ट्रॉनिक्स बदललं. मग शास्त्रज्ञांनी तबकड्या पाडून नव्या बांधल्या का? नाही. पोलादी तारांच्या जाळीच्या तबकड्या त्याच ठेवल्या. त्यांनी गोळा केलेल्या लहरी टिपणारे भाग बदलले आणि त्यामागचे रिसीव्हर बदलले. पूर्वी एका वेळी 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता येई, आता 400 मेगाहर्ट्झपर्यंतचा ऐकता येतो. सांगाडा तोच राहिला आणि ऐकण्याची ताकद कितीतरी वाढली.

वायफाय आणि रेडिओ खगोलशास्त्र यांचं नातंही जुनं आहे. ऑस्ट्रेलियाचे जॉन ओ'सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी स्फोट पावणाऱ्या इवल्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधत होते. ते संकेत काही सापडले नाहीत. पण विस्कटलेली लहर गणिताने सावरायची जी हातोटी त्या कामातून मिळाली, ती पुढे 1990 च्या दशकात खोलीच्या भिंतींवर आपटून पसरणाऱ्या वायफायच्या लहरींसाठी उपयोगी पडली.

आता आपल्या लॅपटॉपकडे वळू. पहिली परीक्षा फुकटची आहे. लॅपटॉप जिथे रखडतो तिथेच शेजारी मोबाइल धरा आणि त्याच वायफायवर चालवून बघा. मोबाइलही अडखळत असेल तर दोष लॅपटॉपचा नाही, राउटरची जागा बदला. पत्र्याचं छप्पर आणि लोखंडी कपाट लहरी परतवून लावतात. पानांमधलं पाणी त्या शोषून घेतं. म्हणून घरापासून पंपाच्या खोलीपर्यंत द्राक्षबागेतून जोडणी केली असेल, तर छाटणीनंतरची बाग आणि पानांनी भरलेली बाग यांत फरक पडतो. मोबाइल नीट चालतो आणि लॅपटॉपच अडतो, असं असेल तर दुसरी परीक्षा. लॅपटॉप तारेने राउटरला जोडा. तारेवर सुरळीत चालला, म्हणजे बिघाड त्याच्या रेडिओकडे आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. शेताच्या दोन बांधांवर दोघे उभे आहेत. एकाचा आवाज खणखणीत, दुसऱ्याचा बारीक. पहिल्याचं सगळं ऐकू येतं, दुसऱ्याचं उत्तर पोचत नाही आणि बोलणं तुटतं. राउटर आणि लॅपटॉपचं तसंच असतं. पडद्यावर रेंज भरपूर दिसते, तरी नेट चालत नाही, यामागे हेही कारण असू शकतं. अशा वेळी नुसता महागडा राउटर आणून भागत नाही.

जुन्या स्वस्त लॅपटॉपांत बहुधा फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं कार्ड असतं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळ्यांची गर्दी तिथेच. 5 गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस आणि वेग जास्त, मात्र भिंत ओलांडताना ती लहर लवकर दमते. म्हणजे एकाच खोलीत 5 आणि दोन भिंतींपलीकडे 2.4. दोन्ही जमणारं कार्ड असलं की सोय होते.

कार्ड घेण्यापूर्वी लॅपटॉपची जागा कोणत्या मापाची आहे ते बघा. जुन्यांत मिनी पीसीआय एक्स्प्रेस असते, साधारण 30 बाय 27 मिलिमीटर. नंतरच्यांत एम.2, म्हणजे 22 बाय 30. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही आणि तारांच्या टोकांची बटणंही वेगळ्या मापाची असतात. दुसरी फसगत नावाची. इंटेलची एएक्स 200 आणि एएक्स 201 ही कार्डं दिसायला सारखीच. पण 201 चं अर्धं काम लॅपटॉपच्या मुख्य चिपमध्ये होतं, ती चिप नसेल तर ते कार्ड चालणारच नाही. एम.2 जागा असलेल्या जुन्या लॅपटॉपला 200 किंवा 210 बघावं. तिसरी अडचण कुलपाची. काही जुनी मॉडेलं कंपनीने ठरवलेलीच कार्डं स्वीकारतात, दुसरं लावलं की पडद्यावर चूक दाखवून थांबतात. तुमचं मॉडेल त्यांतलं आहे का, हे दुकानदाराला आधीच विचारा.

बसवण्याचं काम अवघड नाही, नाजूक आहे. चार्जर काढा, बॅटरी सोडवा. तारा काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या, काळी कुठे आणि पांढरी कुठे ते कळायला. तारेचं बटण सरळ वर उचलायचं आणि सरळ खाली दाबायचं, तिरकं नाही. ही बटणं 30 वेळा काढण्या-घालण्याच्या हिशेबाने बनवलेली असतात, तेव्हा उगाच चाळा नको.

काही लॅपटॉपांत अँटेनाची तार एकच निघते. नवं कार्ड दोन तारांचं असेल तर ते एका तारेवरही चालेल, पण पूर्ण वेगाने नाही. दुसरी चिकटपट्टीची अँटेना मिळते. ती प्लास्टिकच्या भागाखाली लावा, धातूजवळ किंवा बॅटरीवर नको. आणि लांब तार ओढून अँटेना दूर नेण्याच्या भानगडीत पडू नका. इतक्या बारीक तारेत मीटरभर अंतरातच जवळपास निम्मी ताकद खर्च होते. लॅपटॉप खोलायचा धीर नसेल तर यूएसबीचं छोटं वायफाय यंत्र लावा, तेही चालतं.

शेवटी खर्चाचा क्रम. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिले पैसे एसएसडीवर घाला, कारण ज्याला आपण नेटचा संथपणा म्हणतो तो पुष्कळदा डिस्कचा असतो. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हा यंत्रावर नवी विंडोज किंवा लिनक्स चालते का, तेही पाहून घ्या. स्क्रीन फुटलेली, बिजागरी निखळलेली, बॅटरी संपलेली असेल तर नव्या कार्डाचा उपयोग नाही. पण बाकी सगळं धड असेल आणि नुसतं वायफाय अडत असेल, तर नव्या लॅपटॉपच्या पैशात हात घालू नका. एक कार्ड बदला आणि उरलेले पैसे मुलीच्या फीला ठेवा.