नेम लागला, पण कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवलं आणि आमच्यासारख्या, रेंजवर मुलांना शिकवणाऱ्या माणसांकडे पालकांची गर्दी वाढली. त्याआधी २०१० साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली होती, तेव्हाही असंच झालं होतं. रायफल कोणती घ्यावी, जाकीट कुठून शिवून घ्यावं, हे प्रश्न ठरलेले असतात. पण ५० मीटरवर सराव सुरू झाला, की महिन्या-दोन महिन्यांत आणखी एक प्रश्न येतो. "सर, दुर्बीण कोणती घेऊ?" आज त्या दुर्बिणीविषयीच बोलणार आहे. रेंजवर तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात.

आधी तिची गरज का पडते ते पाहू. ५० मीटर रायफलच्या टार्गेटमधलं काळं वर्तुळ ११२.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे साधारण नाश्त्याच्या बशीएवढं. त्याच्या मधोमध दहा गुणांचं रिंगण असतं, ते जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. शर्टाच्या बटणाएवढं म्हणा. पॉइंट टू टू रायफलची गोळी त्यात ५.६ मिलिमीटरचं छिद्र पाडते. आता हे छिद्र काळ्या कागदात, ५० मीटर लांब. निरोगी माणसाचा डोळा जेवढं बारीक ओळखू शकतो, त्याच्या निम्म्याहून हे छिद्र लहान भरतं. म्हणजे डोळे कितीही तीक्ष्ण असोत, गोळी कुठे लागली हे नुसत्या नजरेनं कळणार नाही. गोळी झाडायची आणि ती कुठे गेली याचा पत्ताच नाही, अशानं शिकायचं कसं?

यावर दोन उपाय नवशिक्याला सुचतात आणि दोन्ही धोक्याचे आहेत. पहिला, उठून टार्गेटपर्यंत जाऊन बघायचं. रेंजवर शेजारच्या लेनमध्ये कोणीतरी नेम धरून पडलेलं असतं. सगळ्यांच्या रायफली रिकाम्या होऊन खाली ठेवल्या जात नाहीत आणि रेंज ऑफिसर परवानगी देत नाहीत, तोवर पुढे एक पाऊलही टाकायचं नाही, हा नियम आहे. दुसरा उपाय त्याहून वाईट. ज्यांच्या रायफलीवर दुर्बीण बसवलेली असते, ते तिच्यातूनच इकडचं-तिकडचं बघू लागतात. बंदुकीची दुर्बीण नेम धरण्यासाठी आहे, पाहण्यासाठी नाही. जिकडे ती वळते तिकडे नळीही वळते. पाहण्याचं साधन बंदुकीपासून वेगळं असलं पाहिजे. स्पॉटिंग स्कोप ही म्हणूनच चैनीची वस्तू नाही.

आता निवडीकडे येऊ. दुकानात गेलात की पहिली फुशारकी असते ती 'किती पट मोठं दिसतं' याची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत आकडा छापलेला असतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत. यामागचा हिशेब सोपा आहे, तो कोणीही करू शकतो. वीसपट मोठं दिसणं म्हणजे ५० मीटरवरची वस्तू अडीच मीटरवर असल्यासारखी दिसणं. अडीच मीटरवरचं साडेपाच मिलिमीटरचं छिद्र तुम्हाला दिसेल की नाही? सहज दिसेल. मग ५० मीटरसाठी वीस ते तीसपट पुरे झालं. ३०० मीटरच्या मोठ्या रायफलीसाठी चाळीस पट घ्या. तिथे ३०० मीटर साडेसातवर येतात.

"पण जास्त पट असली तर बिघडलं कुठे?" असं पालक विचारतात. बिघडतं ते असं. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. त्याला पटीनं भागा. साठ मिलिमीटरचं भिंग आणि वीस पट, म्हणजे उत्तर तीन. तीन मिलिमीटर जाडीचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यात येतो. दिवसाउजेडी आपली बाहुलीही साधारण दोन-तीन मिलिमीटरच उघडलेली असते, म्हणजे जोडी जमली. त्याच दुर्बिणीची पट साठवर नेली, की झोत एक मिलिमीटरचा उरतो. चित्र मोठं होतं, पण अंधारतं. डोळा केसभर हलला की चित्र गायब. शिवाय पट वाढते तशी तिवईची थरथर वाढते आणि उन्हात तापलेल्या हवेची लहरही तितकीच मोठी होते. आमटीत पाणी वाढवलं म्हणून डाळ वाढत नाही, तसंच हे.

आमच्याकडे सराव करणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगतो. वडील छोट्या कारखान्यात कामाला. त्यांनी पतपेढीतून पैसे उचलून मुलीसाठी दुर्बीण आणली. खोक्यावर लिहिलं होतं पंचवीस ते पंचाहत्तर पट, भिंग साठ मिलिमीटर. दुकानदारानं सांगितलं होतं, जेवढी जास्त पट तेवढा चांगला नेम. मुलगी बिचारी पंचाहत्तरवरच लावून बसायची. काळ्या कडेला जांभळी झालर, चित्र धूसर, आणि एकाच टार्गेटवर आठ-दहा गोळ्या झाल्या की ताजं छिद्र कोणतं नि जुनं कोणतं ते कळेना. तिला वाटायचं, गोळी उजवीकडे आठात गेली. मग ती रायफलीच्या साइटचे क्लिक डावीकडे फिरवायची. पुढची गोळी खरोखरच डावीकडे जायची. दोन आठवडे असं चाललं. गुण घसरले आणि "मला जमतच नाही" असं ती म्हणू लागली. एके दिवशी टार्गेटं काढून आणून टेबलावर मांडली. सुरुवातीच्या गोळ्या नऊ-दहात होत्या. पोरीचा हात चांगला होता, तिला खोटं दिसत होतं. क्लबातली जुनी, वीसपटीची, रंग उडालेली दुर्बीण तिच्याशेजारी लावून दिली. महिनाभरात तिचे गुण जागेवर आले. पण त्या पतपेढीचे हप्ते मात्र वडिलांना भरावेच लागले.

म्हणून पटीपेक्षा भिंगाची जात पाहा. भिंगांवर परावर्तन कमी करणारा लेप असतो. तो सगळ्या भिंगांवर आणि अनेक थरांचा असेल, तर चित्र उजळ दिसतं. काही महाग दुर्बिणींत विशेष काच वापरतात, तिला ईडी म्हणतात. तिच्यामुळे ती जांभळी झालर जवळजवळ नाहीशी होते. काळ्या कागदातलं काळपट छिद्र ओळखायला मोठेपणापेक्षा हा स्वच्छपणा उपयोगी पडतो. ऐपत असेल तर अवश्य घ्या. नसेल, तर साठ ते ऐंशी मिलिमीटर भिंगाची, स्थिर पटीची साधी दुर्बीण झूमवाल्या स्वस्त दुर्बिणीपेक्षा बहुधा सरस निघते.

दुसरी गोष्ट, पाहण्याची नळी सरळ हवी की वाकडी? पक्षी बघणाऱ्याला कदाचित सरळ आवडेल. नेमबाजानं मात्र पंचेचाळीस अंशात वळलेली घ्यावी. पालथं पडून नेम धरताना डावा हात, खांदा, गाल, सगळं एकदा बसवलेलं असतं. दर गोळीनंतर ते मोडलं तर पुढची गोळी नव्या माणसानं झाडल्यासारखी होते. वाकडी नळी असली की दुर्बीण डोक्याजवळ अशी लावता येते की मान किंचित वळवली, नाहीतर दुसऱ्या डोळ्याची नजर तिकडे नेली, की टार्गेट दिसावं. उजव्या हातानं झाडणाऱ्यानं ती डाव्या बाजूला ठेवावी.

तिवईकडे लोक दुर्लक्ष करतात. फोटोच्या तिवईवर दुर्बीण ठेवून चालत नाही असं नाही, पण पालथं पडल्यावर ती फार उंच होते. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, अशा तिन्ही तऱ्हांनी झाडायचं असतं. म्हणजे दुर्बीणही तीन उंचींवर हवी. यासाठी जड बैठकीची आणि जोडदांड्यांची घोडी मिळते. दुर्बिणीच्या पैशातून थोडे बाजूला काढून घोडी चांगली घ्या. डगमगत्या घोडीवरची भारी दुर्बीण काही कामाची नाही.

चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक बघावं. डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, याचं माप माहितीपत्रकात असतं. ते पंधरा मिलिमीटर किंवा अधिक असावं. नाहीतर चष्मा लावला की चित्राचा मधला तुकडाच दिसतो.

आता काही जण म्हणतील, हल्ली मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक टार्गेटं असतात, गोळी लागताक्षणी शेजारच्या पडद्यावर गुण उमटतात, मग दुर्बिणीचं काय काम? अगदी बरोबर. पण एक तर रोजचा सराव पुष्कळ ठिकाणी अजून कागदावरच चालतो. आणि दुसरं, पडदा गोळी कुठे गेली ते सांगतो, का गेली ते सांगत नाही. ५० मीटरवर मंद आडवा वाराही गोळीला काही मिलिमीटर बाजूला ढकलतो, आणि दहाचं रिंगण केवढं ते आपण पाहिलंच. उन्हात तापलेल्या जमिनीवर हवा थरथरताना आपण डांबरी रस्त्यावर पाहतो. दुर्बीण टार्गेटवर स्पष्ट करून मग फोकस किंचित अलीकडे आणला, की तीच थरथर वाहत्या पाण्यासारखी दिसू लागते. लहरी डावीकडून उजवीकडे पळत असतील, तर वारा तिकडे चालला आहे. सरळ वर उकळत असतील, तर वारा पडलेला आहे, किंवा समोरून नाहीतर पाठीमागून येतो आहे. लहरींची दिशा बदलली की जाणता नेमबाज बोट ट्रिगरवरून काढतो आणि थांबतो. झेंड्या एकेका जागचा वारा सांगतात, दुर्बिणीतून गोळीच्या वाटेवरचा दिसतो. जास्त पटीत मात्र या लहरींचा नुसता गोंधळ माजतो, म्हणूनही वीस-पंचवीस बरी.

ज्यांची मुलं दहा मीटरवर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल शिकत आहेत, त्यांनी तूर्त दुर्बीण घेऊच नये. तिथे टार्गेट दोरीनं किंवा मोटारीनं जवळ येतं. शिवाय काही दुर्बिणी इतक्या जवळचं स्पष्ट दाखवतच नाहीत. त्या पैशाचे छर्रे घ्या, सराव होईल.

खरेदीला जाताना वापरलेलं एक टार्गेट सोबत न्या. दुकानासमोर पन्नास-साठ पावलांवर ते कोणालातरी धरायला सांगा, भिंतीला चिकटवलं तर उत्तम. दुकानातल्या दिव्याखाली नाही, बाहेरच्या उजेडात बघा. छिद्रांच्या कडा स्वच्छ दिसतात का, चित्राच्या काठाला रेषा वाकतात का, पाच मिनिटं पाहिल्यावर डोळा दुखतो का, हे तपासा. दुर्बीण कोणाचीही असो, सूर्याकडे ती चुकूनही वळवू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.

आणि आपल्याकडचा पावसाळा विसरू नका. मुंबई-कोकणात भिंगांच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. एकदा धरली की दुरुस्तीचा खर्च दुर्बिणीइतका होऊ शकतो. आत नायट्रोजन भरून सीलबंद केलेली दुर्बीण यासाठी बरी. चामडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्या वेळोवेळी बदला. धूळ आधी फुंकणीनं उडवा, मग मऊ कापड. सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसण्याची सवय लेप खरवडून टाकते.

शेवटी एक सांगतो, ते विकत घ्यावं लागत नाही. गोळी सुटली की लगेच दुर्बिणीकडे धावू नका. क्षणभर तसेच राहा आणि मनाशी सांगा, ही नऊ, वर उजवीकडे. मग बघा. सांगितलेलं आणि दिसलेलं जुळलं, तर तुमचं शरीर तुमच्याशी खरं बोलतं आहे. पुन्हा पुन्हा जुळलं नाही, तर साइट, वारा किंवा बैठक यांपैकी काहीतरी तपासायला हवं. आणि एकाच गोळीवरून क्लिक फिरवू नका, तीन-चार गोळ्यांचा पुंजका कुठे पडतो ते पाहून फिरवा. एवढी शिस्त असली की साधी दुर्बीणही मुलाला पुष्कळ शिकवते. आपल्या मुलांना पदकं मिळोत न मिळोत, आपण काय केलं ते आधी स्वतःला खरं सांगायचं आणि मग डोळ्यांनी पडताळायचं, ही सवय त्यांना लागली तरी रेंजवरची सकाळ फुकट गेली नाही असं मी म्हणेन.