कावेरीचा कुबडा महसीर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा गोषवारा)



कावेरीच्या खोऱ्यात आपले मंडळ पन्नास वर्षे नांदले. तेव्हा या नदीच्याच एका मूळ रहिवाशाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

हा रहिवासी म्हणजे कुबडा महसीर : मोठ्या खवल्यांचा, नारिंगी परांचा, डोक्यामागे उंचवटा असलेला मासा. कावेरीची उपनदी काबिनी हिच्यात १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या गळाला १२० पौंडांचा महसीर लागला. अशी या नदीच्या महसीरांची कीर्ती. परंतु कुबड्याला शास्त्रात त्याचे स्वतःचे नाव नव्हते. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतील ‘मुसल्ला’ हे नाव पुढे कावेरीच्या या माशाला चिकटले. वस्तुतः मुसल्ला हा कृष्णेच्या खोऱ्यातील, अगदी निराळ्या प्रजातीचा मासा.

साइक्स यांनीच पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ‘खुद्री’ महसीराचे वर्णन केले होते. लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यकेंद्रात त्याची पैदास यशस्वी झाली आणि त्या वाणाची पिले कावेरीतही सोडण्यात आली. हेतू चांगलाच होता. मात्र दोघांनाही लोक ‘महसीर’च म्हणत, त्यामुळे नदीत महसीर आहेत, एवढ्यावर सारे निश्चिंत राहिले. हौशी गळकऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा निळसर परांचा खुद्री वाढत गेला आणि कुबडा विरळ होत गेला, असे दिसून आले.

अखेर २०१८ साली ॲड्रियन पिंडर, राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आदी संशोधकांनी मोयार नदीतील नमुन्यांची शरीररचना व आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिले. केरळातील पांबार नदीतल्या तुलनेने लहान माशांवरून ‘टॉर रेमादेवी’ ही जाती पूर्वीच वर्णिलेली होती. कुबडा महसीर म्हणजे हीच जाती, आणि ती केवळ कावेरीच्या खोऱ्यातली, असे सिद्ध झाले. त्याच वर्षी जागतिक लाल यादीत तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. खुद्रीची मात्र संकटग्रस्तांतून सुटका झाली.

ज्याची ओळखच पटलेली नाही, त्याच्या ऱ्हासाची दखल कोण घेणार? लोणावळ्याच्या पिलांचा यात दोष नाही. परंतु परक्या पाण्यात काही सोडण्यापूर्वी तेथे आधीपासून कोण राहतो, हे विचारले पाहिजे. या नदीचे पाणी आपण पन्नास वर्षे प्यालो. तिच्या या रहिवाशाला नावाने ओळखावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.