अवधान-न्यूनता असलेले मूल आणि त्याची रात्र



अवधान-न्यूनता व अतिचंचलता असलेल्या मुलाविषयी पालकांशी जे बोलणे होते, ते बहुधा शाळेच्या वेळेपुरतेच असते. त्याची रात्र कशी गेली, हे क्वचितच कोणी विचारते. वस्तुतः अशा पुष्कळ मुलांना अंथरुणावर पडूनही लवकर झोप लागत नाही; काहींच्या शरीरातील झोपेची वेळच उशिराची असते. दिवा मालवल्यावरही मूल तासन्‌तास कूस बदलते असे आई सांगते, तेव्हा त्यास हट्ट म्हणणे अन्यायाचे होय.

थकलेला प्रौढ मनुष्य पेंगतो; झोप अपुरी झालेले मूल मात्र पुष्कळदा अधिकच चळवळे होते. ते जागेवरून उठते, शेजाऱ्यास ढोसते, पाढा अर्ध्यावर सोडते. मग शिक्षा होते आणि मूळ कारण तसेच राहते. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रोज ९ ते १२ तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला, तो या दृष्टीने स्वागतार्हच आहे. परंतु रात्रीचे जागरण त्याच मानाने लांबले, तर मिळालेला वेळ व्यर्थ जातो.

उपायांत मुख्य म्हणजे उठण्याची वेळ. ती रविवारीही बदलू नये, आणि उठताच मुलास अंगणातील उजेडात आणावे. निजण्यापूर्वी तासभर मोबाईल व दूरदर्शन बंद असावे. सायंकाळचा चहा तर मुळीच नको. (आपल्याकडे तो लहानग्यांनाही कौतुकाने दिला जातो!) जेवणानंतर रेंगाळणारा गृहपाठ कमी करणे मात्र सर्वस्वी शिक्षकांच्या हाती आहे.

मूल रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, किंवा पाय स्वस्थ ठेवू शकत नसेल, तर वैद्यकीय तपासणी अवश्य व्हावी. वाढलेले टॉन्सिल किंवा शरीरातील लोहाची कमतरता यांनीही झोप मोडते, आणि त्यामुळे दिवसा चित्त थाऱ्यावर राहत नाही. म्हणूनच अवधान-न्यूनतेचा शिक्का शिक्षकांनी परस्पर मारू नये. या विकारावरील काही औषधे दिवसा उशिरा घेतल्यास झोप लांबते; अशा वेळी पालकांनी ती आपल्या मनाने बंद न करता, वेळ बदलण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. त्यासाठी दोन आठवडे निजण्याउठण्याच्या वेळा पालकांकडून वहीत लिहवून घ्याव्यात. डॉक्टरांना तक्रारीच्या लांबलचक पत्रापेक्षा ती वही अधिक उपयोगी पडते.